'गॉडझिला' कुठे चुकला? : चित्रपट परीक्षणातून विज्ञान आणि लेखन (इयत्ता ५ वी)



सुट्टीनंतर वर्गात आलं की मुलं बघितलेल्या सिनेमांबद्दलच बोलत असतात. यावेळी विषय होता 'गॉडझिला'. १९९८ साली आलेला, रोलँड एमेरिक यांनी दिग्दर्शित केलेला इंग्रजी चित्रपट. कुणाच्या तरी घरी तो लागला होता. मी विचारलं, "कसा वाटला?" उत्तर आलं, "बोर." मी म्हटलं, "का बोर?" सगळे गप्प!

"आवडलं नाही" हे मुलं पटकन सांगतात, पण "का" हे सांगता येत नाही. (खरं सांगायचं तर आपल्याला तरी कुठे येतं?) म्हणून भाषा आणि विज्ञान एकत्र करून तीन तासिकांचा हा पाठ घेतला.

तासिका १ : गोष्ट समजून घेणे

आधी मूळ गोष्ट सांगितली. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवरचे २३ जण आजारी पडले, त्यांतला एक त्याच वर्षी दगावला. हिरोशिमा-नागासाकीला तेव्हा जेमतेम नऊ वर्षं झाली होती. त्याच नोव्हेंबरमध्ये इशिरो होंडा यांचा जपानी 'गोजिरा' आला. बॉम्बच्या चाचण्यांमुळे समुद्रातून उठलेला हा प्राणी टोकियो उद्ध्वस्त करतो. त्याला मारण्याचं भयंकर साधन शोधणारा शास्त्रज्ञ शेवटी आपली टिपणं जाळतो आणि स्वतःही समुद्रतळाशी प्राण देतो. का? तर ते साधन पुन्हा कुणाच्या हाती लागू नये म्हणून. हे ऐकताना वर्ग अगदी शांत होता.

मग १९९८ च्या चित्रपटाची गोष्ट मुलांनीच सांगितली. फ्रेंच अणुचाचण्यांमुळे एक सरडा प्रचंड मोठा होतो, न्यूयॉर्कला येतो, एका मोठ्या क्रीडागृहात अंडी घालतो. विमानं ते क्रीडागृह पिल्लांसकट उडवून देतात. प्राणी पुलाच्या तारांत अडकतो आणि क्षेपणास्त्रांनी मरतो.

तासिका २ : विज्ञानाच्या चुका शोधणे

साहित्य : गणित पेटीतले घन ठोकळे.

एक ठोकळा ठेवला. मग लांबी, रुंदी, उंची दुप्पट करून मोठा घन करायला सांगितला. ठोकळे लागले ८, पण तळाला फक्त ४. तिप्पट केल्यावर लागले २७, तळाला ९. म्हणजे आकार वाढतो तसं वजन फार वेगाने वाढतं, पण पायांची जाडी (आणि ताकद) तेवढी वाढत नाही. साधारण १ मीटरचा सरडा ५० पट मोठा केला तर वजन १,२५,००० पट, पायाची ताकद मात्र २,५०० पट. पायावरचा भार ५० पट! "मग तो पळणार कसा? मोडूनच पडेल," असं मुलांनीच सांगितलं.

दुसरी चूक मी सांगितली. चित्रपटात सागरी इग्वाना दाखवलाय फ्रेंच पॉलिनेशियात, पण तो फक्त गॅलापागोस बेटांवर सापडतो. शिवाय तो शेवाळ खातो. चित्रपटातला प्राणी तर मासळीचे ढीग फस्त करतो.

नराशिवाय अंडी ही गोष्टही मुलांना थाप वाटली. ती मात्र पूर्ण थाप नाही. कोमोडो ड्रॅगनच्या मादीने नराशिवाय अंडी घातल्याची आणि त्यांतून पिल्लं आल्याची नोंद आहे. चूक शोधताना "हे खरं असू शकतं का?" हेही तपासायचं, हे इथे शिकवता आलं.

तासिका ३ : आपली गोष्ट लिहिणे

अट एकच : बदल करायचा आणि त्याचं कारण लिहायचं.

एका गटाने प्राण्याला समुद्रातच ठेवलं. कारण लिहिलं, "पाणी वजन पेलतं, म्हणून देवमासा एवढा मोठा असतो." दुसऱ्या गटाने चाचण्या करणाऱ्यांवर न्यायालयात खटला भरला.

वर्गात फारशी न बोलणारी एक मुलगी आहे. आमच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात, गावातली माणसं ती अंडी जपतात, हे तिने पाहिलंय. तिने लिहिलं, "ती आई होती. तिचं बेट माणसांनी बिघडवलं म्हणून ती दुसरीकडे अंडी घालायला आली. सिनेमात सगळे तिला मारायला निघाले, पण तिचं घर कुणी बिघडवलं त्याला कुणीच काही बोललं नाही."

वही हातात घेऊन मी थोडा वेळ तशीच उभी राहिले. चित्रपट का फसला हे तिने चार ओळींत सांगितलं होतं. १९५४ च्या गोष्टीत माणसाची चूक मध्यभागी होती. १९९८ मध्ये ती सुरुवातीपुरतीच उरली, पुढे नुसती पळापळ.

पालकांसाठी

मुलं एखादा सिनेमा "फालतू" म्हणाली तर लगेच टीव्ही बंद करू नका. तीन प्रश्न विचारा : काय पटलं नाही? का पटलं नाही? तू असतास/असतीस तर काय केलं असतंस? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र वहीत लिहून घ्या.

हा पाठ तुमच्या वर्गात घेतलात तर मुलांनी काय बदल सुचवले ते नक्की कळवा.