तरुण चेहऱ्याचा पाच वर्षांचा हिशेब

'अमुक हजारांपासून पुढे' एवढंच क्लिनिकच्या जाहिरातीत असतं. फोन करून विचारलं तर 'मॅडम, एकदा येऊन जा, मग सांगतो' असं उत्तर मिळतं. पण चेहरा तरुण दिसावा म्हणून होणाऱ्या बहुतेक उपायांचा परिणाम काही महिन्यांत ओसरतो आणि पुन्हा खुर्चीत बसावं लागतं. त्यामुळे एका बैठकीचा दर कळून काहीच कळत नाही. वर्षाला किती आणि पाच वर्षांत किती, हे आधी विचारलं पाहिजे.

असे उपाय करून घेणाऱ्यांना नावं ठेवण्याचं काहीच कारण नाही. कुणाला पन्नाशीनंतर नोकरीत टिकायचं असतं, कुणाला लेकीच्या लग्नात प्रसन्न दिसायचं असतं, कुणाला आरशात रोज दिसणारा थकवा नको असतो. पैसा आणि चेहरा दोन्ही आपलेच आहेत, म्हणूनच हिशेब नीट व्हायला हवा. पुढचे आकडे मुंबई-पुण्यातल्या खासगी क्लिनिकांचे आणि ढोबळ आहेत. लहान शहरांत ते थोडे उतरतात, मुंबईच्या महागड्या वस्त्यांत बरेच चढतात.

सुरुवात सगळ्यात स्वस्त उपायापासून करू, कारण त्याचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या नऊशे तीन प्रौढांवर साडेचार वर्षं चाललेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज नेमाने सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं वार्धक्य, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी आढळलं. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर मावेल एवढं सनस्क्रीन लागतं. या मापाने ५० ग्रॅमची ट्यूब साधारण दीड महिना पुरते. पाचशे रुपयांची ट्यूब धरली तर वर्षाचे चार हजार झाले. त्याच्या जोडीला रात्री ट्रेटिनॉइन, वर्षाला दीड-दोन हजारांचं. बारीक सुरकुत्या आणि डाग यांवर हे औषध चांगलं काम करतं, पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायचं. सुरुवातीला त्वचा लाल होते, साल निघते, आणि गरोदरपणात ते अजिबात चालत नाही. म्हणजे सहा हजारांत वर्ष निघतं. इतर कशाकडेही वळण्याआधी सहा महिने एवढं करून बघा.

ट्रेटिनॉइनच्या नावाखाली मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेलं 'गोरं करणारं' मलम मात्र आणू नका. आठवड्यात चेहरा उजळल्यासारखा वाटतो. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, लाली आणि पुरळ येतं, आणि मलम थांबवलं की सगळं दुप्पट उसळतं. २०१८ मध्ये सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून नियम कडक केला, तरी ती आजही सर्रास हातात पडतात. गोरेपणासाठीची ग्लुटाथायोनची इंजेक्शनंही त्याच रांगेतली. त्वचा उजळवण्यासाठी त्यांना आपल्याकडे मान्यता नाही. त्यांच्यावर एक रुपयाही घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुईचा खर्च

बोटॉक्स हे एका कंपनीच्या उत्पादनाचं नाव. औषध आहे बोट्युलिनम टॉक्सिन. ते स्नायूला तात्पुरतं सैल करतं. म्हणून कपाळावरच्या आठ्या, भुवयांमधल्या उभ्या रेघा आणि हसताना डोळ्यांच्या कडांना पडणाऱ्या सुरकुत्या यांवर ते चालतं. लोंबणारे गाल किंवा हनुवटीखालची सैल कातडी त्याने उचलली जात नाही. परिणाम तीन-चार दिवसांत दिसू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि तीन-चार महिने टिकतो.

दर युनिटवर ठरतो. एका युनिटला अडीचशे ते पाचशे रुपये. बोटॉक्सच्या अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त मात्रेनुसार भुवयांमध्ये २०, कपाळाला २० आणि डोळ्यांच्या दोन्ही कडा मिळून २४ अशी ६४ युनिटं होतात. कुणाला कमी पुरतात, पण हिशेबाला ६४ धरू. साडेतीनशेच्या दराने २२,४०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २६,४३२. वर्षातून तीनदा म्हणजे ७९,२९६ आणि पाच वर्षांत ३,९६,४८०. 'आठ हजारांपासून' म्हणून ऐकलेली गोष्ट चार लाखांपर्यंत जाते ती अशी.

इथेच काही ठिकाणी हातचलाखी होते. 'कपाळाचे इतके' असा भागावर दर सांगितला जातो आणि आत किती युनिटं गेली हे कळत नाही. युनिटांचा आकडा केसपेपरवर लिहून मागा. कुपी तुमच्यासमोर उघडायला सांगा, तिच्यावरचा बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख मोबाइलवर टिपून घ्या. आणखी एक बारकावा आहे. वेगवेगळ्या कंपन्यांची युनिटं सारखी नसतात. डिस्पोर्ट या दुसऱ्या ब्रँडची युनिटं बोटॉक्सच्या अडीच-तीनपट लागतात, त्यामुळे तिथला स्वस्त दिसणारा युनिटदर शेवटी स्वस्त पडेलच असं नाही.

फिलरचं काम निराळं. वय वाढतं तसा चेहरा आतून रिता होतो, गाल बसतात, नाकापासून ओठांपर्यंतच्या घड्या खोल होतात. ती पोकळी हायल्युरॉनिक ॲसिडच्या जेलने भरतात. एक मिलिलिटरच्या सिरिंजला १५ ते ३५ हजार पडतात आणि ती सहा महिने ते दीड वर्ष टिकते. एक मिलिलिटर म्हणजे चहाच्या चमच्याचा जेमतेम पाचवा हिस्सा. त्यामुळे दोन्ही गालांसाठी दोन ते चार सिरिंजा सहज लागतात. एका सिरिंजचा भाव ऐकून गेलेला माणूस लाखाचं बिल घेऊन परततो.

फिलरमध्ये पैशांपेक्षा मोठी जोखीम आहे, आणि ती ठळकपणे सांगायलाच हवी. जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्या भागाची त्वचा मरू शकते. फार क्वचित दृष्टी कायमची जाते. उतारा म्हणजे हायल्युरोनिडेज, हे जेल विरघळवणारं औषध; ते तातडीने द्यावं लागतं. म्हणून सुई टोचण्याआधी विचारा, 'हायल्युरोनिडेज आत्ता इथे, या फ्रिजमध्ये आहे का?' उत्तर देताना समोरचा अडखळला तर उठून या. इंजेक्शननंतर जागा पांढरी किंवा निळसर जाळीदार दिसली, दुखणं वाढत गेलं किंवा नजर अंधुक झाली, तर सकाळची वाट बघू नका.

पील, लेझर, पीआरपी, हायफू आणि धागे यांची गोष्ट थोडक्यात आटोपते. केमिकल पीलच्या एका बैठकीला दीड ते सहा हजार, फ्रॅक्शनल लेझरला पाच ते पंधरा हजार, स्वतःच्याच रक्तातला अर्क टोचण्याच्या पीआरपीला चार ते दहा हजार. प्रत्येकाच्या तीन ते सहा बैठका लागतात. ध्वनिलहरींनी त्वचा ताणणाऱ्या हायफूला १५ ते ६० हजार पडतात. फरक सौम्य असतो आणि कातडी फार सैल असेल तर जवळपास दिसतच नाही. धागे घालून कातडी ओढणाऱ्या थ्रेड लिफ्टला ३० हजार ते एक लाख. धागे विरघळतात आणि साधारण वर्षभरात ताण सुटतो. माझ्या मते खर्चाच्या मानाने सगळ्यात कमी पदरात पडणारा उपाय हाच.

पील आणि लेझरबाबत आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेची एक खास अडचण आहे. जराशी इजा झाली तरी काळा डाग उठतो आणि तो महिनोन् महिने जात नाही. वांग असेल तर चुकीच्या लेझरने तो आणखी गडद होतो. आपल्याकडे सुरकुत्यांपेक्षा डाग आणि असमान रंग यांनीच वय आधी दिसतं, त्यामुळे ही चूक फार महाग पडते. चैत्र-वैशाखाच्या उन्हात हे करून घेऊ नका. दिवाळीनंतरचे महिने बरे.

सुरीचा खर्च

फेसलिफ्ट दीड ते चार लाखांत होतं, मोठ्या रुग्णालयांत त्याहून जास्त. कानापुढून आणि कानामागून छेद घेऊन आतला थर वर ओढून बसवतात. शस्त्रक्रिया काही तासांची, सूज आणि काळेनिळेपणा दोन-तीन आठवडे, आणि परिणाम साधारण आठ-दहा वर्षं. अडीच लाख अधिक जीएसटी म्हणजे २,९५,००० रुपये. दहा वर्षांनी भागलं तर वर्षाला तीस हजारांच्या आत. म्हणजे कागदावर शस्त्रक्रिया सुईपेक्षा स्वस्त पडते. फक्त दोघींची कामं वेगळी आहेत. फेसलिफ्ट गाल, जबडा आणि मान सावरतं, कपाळावरच्या आठ्या तशाच राहतात. शिवाय भुलेचा आणि त्वचेखाली रक्त साचण्याचा धोका आहे, रक्तदाब असलेल्यांना तो जास्त.

दर विचारताना सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, खोली, चाचण्या, औषधं आणि पट्टे अशी फोड करून लेखी घ्या. टाका उसवला, रक्त साचलं किंवा दोन्ही बाजू सारख्या झाल्या नाहीत, तर दुरुस्तीचा खर्च कुणाचा, हेही त्याच कागदावर असू द्या. आणि डॉक्टरांपासून तंबाखू लपवू नका. सिगारेट तर आलीच, पण मशेरीही सांगा. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, उचललेल्या कातडीला रक्त पोहोचत नाही आणि ती काळी पडून मरते. किमान चार आठवडे आधीपासून बंद, नंतरही तेवढंच. घरात बायका मशेरी लावतात हे सर्जनला ठाऊक नसतं आणि बाईला ते तंबाखू वाटतच नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दलही सांगा, पण त्या स्वतःहून थांबवू नका.

एकच शस्त्रक्रिया निवडायची तर मी पापण्यांची निवडेन. ४० हजार ते सव्वा लाखात होते, वरच्या पापणीची तर जागेवरच भूल देऊन करता येते. परिणाम बरीच वर्षं राहतो आणि थकलेला चेहरा खरोखर जागा होतो. वरची पापणी इतकी उतरली असेल की नजरेच्या आड येते, तर आधी नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टिक्षेत्राची तपासणी करून घ्या. तो अहवाल असेल तर शस्त्रक्रिया वैद्यकीय गरजेची ठरू शकते आणि विमा कंपनीकडे पूर्वमंजुरी मागता येते.

एरवी विमा काही देत नाही. कॉस्मेटिक शस्त्रक्रिया आरोग्यविम्यात ठरावीक अपवादांत मोडते. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना तेवढी सुटते. जीएसटीची रेषाही जवळपास तिथेच आहे. वैद्यकीय उपचारांना माफी, पण सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आणि केसरोपणाला नाही. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष किंवा इजा दुरुस्त करायची असेल तर पुन्हा माफी. ही रेषा एका जुन्या हकिकतीवर लावून पाहा. १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेची हकिकत छापून आली होती. इंग्रजी फौजेचा गाडीवान कावसजी टिपूच्या हाती सापडला, तिथे त्याचं नाक कापलं गेलं. पुढे विटा पाडणाऱ्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीतून त्याला नवं नाक बसवलं. कावसजी आज दवाखान्यात आला तर त्याच्या बिलावर कर लागणार नाही. निव्वळ नाक सरळ दिसावं म्हणून आलेल्याला मात्र लागेल. अपघाताचे किंवा भाजल्याचे व्रण असतील तर मुंबईच्या केईएम, सायन, नायर किंवा पुण्याच्या ससूनमधल्या प्लास्टिक सर्जरी विभागात आधी दाखवा. तिथे खर्च अगदीच थोडा येतो.

हात कुणाचा

सुई-लेझरसाठी त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा पदविका, आणि शस्त्रक्रियेसाठी प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पाहा. नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतो. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' एवढंच लिहिलेली पाटी पुरेशी नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं की कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर पाहून सौंदर्योपचार करण्याइतकं प्रशिक्षण होत नाही. पार्लरमध्ये किंवा कुणाच्या घरी जमून टोचून घेणं तर कोणत्याही दराला नको. पैसे वाचवायचे असतील तर एक सिरिंज कमी घ्या, डॉक्टर कमी प्रतीचा घेऊ नका.

'सहा बैठकांचे आत्ता भरा, दोन मोफत' या पॅकेजलाही नको म्हणा. पहिल्या बैठकीनंतर त्वचेला सोसलं नाही किंवा क्लिनिकच बंद झालं, तर पैसे अडकतात. हप्त्यांचं कर्ज घेतलं असेल तर हप्ते तरीही भरावे लागतात. 'बिनव्याजी' हप्त्यात प्रक्रिया शुल्क किती आणि रोख भरल्यास मिळणारी सवलत किती गमावली, ते पाहा. ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जासोबत सगळा खर्च एका जागी दाखवणारं मुख्य तथ्य विवरणपत्र देणं सावकाराला बंधनकारक आहे; ते मागून वाचा.

घरात लग्न असेल तर बोटॉक्स महिनाभर आधी, फिलरही तेवढंच, पीलचा शेवटचा हात दीड महिना आधी आणि फेसलिफ्ट किमान तीन महिने आधी. परदेशातून तीन आठवड्यांच्या सुट्टीवर येणाऱ्यांनी मोठी शस्त्रक्रिया त्यात कोंबू नये. गुंतागुंत झाली तर तपासायला सर्जन जवळ नसतो.

बिघडलंच, तर लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत उपचारांची कागदपत्रं मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवलं. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा आयोगात ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात, भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. तेवढी वर्षं बिल, बॅच क्रमांक आणि उपचाराआधीचे-नंतरचे फोटो जपून ठेवा.