सांध्यातील साय

आम्ही इतिहास शिकवतो. तरीही या स्मरणिकेसाठी पदार्थविज्ञानातील विषय घेतला, त्यास कारण आमचा एक माजी विद्यार्थी. तो पातळ पटलांवर संशोधन करतो. भेटीस आला असता म्हणाला, "सर, आमचेही काम पुराव्याचेच." पुढे आम्ही पुस्तके काढून त्याचे म्हणणे ताडून पाहिले.

१८३९ मध्ये गुस्टाव्ह रोझ यांनी उरल पर्वतातील एका खनिजाचे वर्णन केले आणि रशियाच्या लेव्ह पेरोव्हस्की यांच्यावरून त्यास पेरोव्हस्काइट हे नाव दिले. तशीच रचना असलेले स्ट्रॉन्शियम टायटॅनेट सिलिकॉनवर स्फटिकरूपात बसवणे हा जुना पेच होता. सिलिकॉनच्या जालकाचे माप ०.५४३ नॅनोमीटर, टायटॅनेटचे ०.३९०५. मात्र थर ४५ अंशांनी फिरवून बसवला की तफावत सुमारे १.७ टक्केच उरते. खरी अडचण निराळीच आहे. ऑक्सिजन मिळताच सिलिकॉनवर सिलिकाची आकारहीन साय धरते आणि वरच्या स्फटिकास खालचा नमुनाच दिसत नाही. १९९८ साली अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या मॅकी, वॉकर व चिझम यांनी दाखवले की पृष्ठभाग आधी स्ट्रॉन्शियमच्या विरळ थराने झाकल्यास ऑक्साइड थेट सिलिकॉनवर बसते.

पण बसले हे कशावरून? लॉरेन्स ब्रॅग यांच्या १९१३ मधील नियमानुसार क्ष-किरण ज्या कोनात एकमेकांस बळ देतात, त्यावरून अणुपातळ्यांतील अंतर निघते. ही साक्ष नमुन्याच्या मोठ्या भागाची सरासरी सांगते. आकारहीन सायीविषयी मात्र ती जवळजवळ मुकी असते, कारण सायीला स्वतःचे तीक्ष्ण शिखर नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील छेद सांध्यावरील अणूंच्या रांगा दाखवतो, परंतु तेवढ्याच ठिकाणच्या. नाणी सबंध प्रदेशाविषयी बोलतात, ताम्रपट एका गावाविषयी. आम्हांस तो फरक ओळखीचा वाटला.

साय क्षुल्लक मानू नये. सिलिकाचा विद्युत्-पारक अंक ३.९, टायटॅनेटचा सामान्य तापमानास सुमारे ३००. म्हणजे धारित्राच्या हिशेबात एक नॅनोमीटर सिलिका सुमारे ७७ नॅनोमीटर टायटॅनेटइतकी भारी पडते. वरचा थर कितीही निर्दोष असो, सांध्यात साय राहिली की त्याचे मोल बुडाले.

आमच्या विद्यार्थ्याच्या एका नमुन्याचे क्ष-किरण शिखर अगदी सुबक आले होते. छेदात फिकट पट्टी निघाली. त्याने दोन्ही चित्रे वहीत शेजारीशेजारी चिकटवून ठेवली आहेत. ती वही त्याने आम्हांस दाखवली.