सर्टिफिकेट घेऊ की धंदा सुरू करू? आयटीच्या कागदाची खरी किंमत, चंद्रपूर-गडचिरोलीच्या हिशेबाने



व्हिडिओत वेळ कमी असतो, म्हणून आजचा विषय इथे सविस्तर घेतोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

आपल्या भागात बारावी किंवा पदवी झाली की घरात एकच चर्चा सुरू होते. "पोराला कोणता तरी कम्प्युटरचा कोर्स लावून द्या, नोकरी लागंल." मग धानाचे पैसे आले की त्यातले वीस-तीस हजार एखाद्या क्लासमध्ये भरले जातात. सहा महिन्यांनी हातात एक छान छापलेला कागद येतो, त्यावर सोनेरी शिक्का असतो. पण तो कागद पुण्यात कोणी विचारत नाही आणि मूल किंवा नागभीडला त्याचं काही काम नसतं. अख्ख्या हंगामाची कमाई एका कागदात जाते. म्हणून पैसे भरण्याआधी हा धडा नीट वाचा.

1. सर्टिफिकेट घेताना आपण नेमकं काय विकत घेतो?

ज्ञान तर यूट्यूबवर फुकट आहे. सर्टिफिकेटमधून आपण विकत घेतो तो अनोळखी माणसाचा विश्वास. पुण्यातली कंपनी तुम्हाला ओळखत नाही. तुम्ही आरमोरीचे की अहेरीचे, कष्टाळू की आळशी, हे तिला माहीत नसतं. कागद तिला एवढंच सांगतो, की एका तिसऱ्या माणसाने याची परीक्षा घेतली आहे.

म्हणजे कागदाची किंमत त्या "तिसऱ्या माणसावर" ठरते. परीक्षा कोणी घेतली, कॉपी होऊ शकते का, नापास होणारे असतात का? जिथे फी भरली की पास, तो कागद म्हणजे नुसती पावती.

आणि जिथे लोक तुम्हाला आधीपासून ओळखतात, तिथे कागदाची गरज आपोआप कमी होते. गावातला राईस मिलवाला तुमचं सर्टिफिकेट बघत नाही. मागच्या महिन्यात शेजाऱ्याचा कॅमेरा तुम्ही नीट लावला का, एवढंच तो बघतो.

2. एमएस-सीआयटीने शिकवलेला धडा

याचं सगळ्यात मोठं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. 2001 मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल सुरू झालं आणि 2002 पासून एमएस-सीआयटी हा कोर्स आला. शासकीय नोकरीसाठी संगणक अर्हता आवश्यक झाली होती, त्यामुळे खेड्यापाड्यातली पोरं-पोरी या कोर्सला बसू लागली. आजही सरकारी जाहिरातीत "एमएस-सीआयटी किंवा समतुल्य" ही ओळ दिसते. नायलिटचे सीसीसी किंवा ओ लेव्हलही यासाठी चालतात.

यातून तीन गोष्टी शिकायच्या.

एक, या कागदाला किंमत आली ती नियमामुळे. नियमात नाव असलेलं सर्टिफिकेट आणि नसलेलं सर्टिफिकेट यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

दोन, सगळ्यांकडे तोच कागद असला की तो रांगेत उभं राहण्यापुरता उरतो. रांगेत पुढे नेत नाही. एमएस-सीआयटी नसेल तर अडतं, पण आहे म्हणून नोकरी लागली असं होत नाही.

तीन, आणि हा मुद्दा उद्योजकांसाठी आहे. या कोर्समुळे तालुक्याच्या गावांमध्ये अधिकृत केंद्रं उभी राहिली. शिकणाऱ्यांपैकी काहींनाच नोकरी लागली, पण केंद्र चालवणाऱ्याला दर बॅचला उत्पन्न मिळालं. एखाद्या कागदाला मागणी आहे असं दिसलं की स्वतःला विचारा, मी हा कागद घेणारा होऊ की शिकवणारा?

3. सर्टिफिकेटचे तीन ढीग करा

बाजारात शेकडो कोर्स आहेत. नावं पाठ करू नका, तीन ढीग करा.

पहिला ढीग: परवान्यासारखे कागद. हे नसतील तर काम करताच येत नाही. सीएससी केंद्रासाठी नोंदणी करायची तर टीईसी सर्टिफिकेट लागतं. बँक मित्र म्हणून काम करायचं तर आयआयबीएफची परीक्षा द्यावी लागते. आधार ऑपरेटरला यूआयडीएआयची प्रमाणन परीक्षा पास करावी लागते आणि त्यातही नेमणूक अधिकृत नोंदणी संस्थेमार्फतच होते. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रतिमिनिट टायपिंगचं सर्टिफिकेट लागतं, त्याची संगणक टायपिंगची परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. या ढिगात फार विचार करायचा नसतो. काम करायचं ठरलं असेल तर कागद घ्या, नसेल तर घेऊ नका.

दुसरा ढीग: ओळख देणारे कागद. हे सक्तीचे नाहीत, पण जाणकार माणूस त्यांना मान देतो. नेटवर्किंगमध्ये सिस्कोचं सीसीएनए, लिनक्समध्ये रेड हॅटची परीक्षा, क्लाउडमध्ये एडब्ल्यूएस किंवा मायक्रोसॉफ्टच्या परीक्षा, हार्डवेअरमध्ये कॉम्पटिया ए प्लस. रेड हॅटच्या परीक्षेत पर्यायांवर टिक करून भागत नाही, चालू मशीनवर प्रत्यक्ष काम करून दाखवावं लागतं. म्हणूनच तिला वजन आहे.

तिसरा ढीग: हजेरीचे कागद. दोन तासांचा वेबिनार, तीन दिवसांची कार्यशाळा, व्हिडिओ संपला की आपोआप मिळणारं पीडीएफ. शिकण्यासाठी हे वाईट नाहीत. पण बायोडेटात असे वीस कागद लावले तर समोरच्याला वाटतं, याने एकही गोष्ट धड केलेली नाही.

4. नोकरीच पाहिजे असेल तर

नागपूरच्या मिहानमध्ये किंवा पुण्यात फ्रेशर म्हणून जायचं असेल, तर क्रम लक्षात ठेवा. मोठ्या कंपन्या आधी पदवी आणि टक्केवारीची अट बघतात, मग स्वतःची परीक्षा घेतात, मग मुलाखत. यात सर्टिफिकेट बहुतेक वेळा मुलाखतीत प्रश्न विचारायला निमित्त ठरतं. "सीसीएनए केलंय का? मग सबनेटिंग करून दाखवा." तिथे अडखळलात तर कागद उलटा अंगावर येतो.

त्यामुळे परीक्षेआधी इंटरनेटवरून चोरीचे प्रश्नसंच पाठ करण्याच्या नादी लागू नका. तो नियमभंग आहे, पकडलं तर सर्टिफिकेट रद्द होतं. आणि नाही पकडलं तरी मुलाखतीत उघडं पडतंच.

सहायक पदं, नेटवर्क सपोर्ट, डेटा सेंटर, हेल्प डेस्क अशा कामांत मात्र दुसऱ्या ढिगातलं एक सर्टिफिकेट खरंच उपयोगी पडतं. विशेषतः पदवी आयटीची नसेल तेव्हा. बीए झालेल्या मुलीने हार्डवेअर-नेटवर्किंगची परीक्षा दिली असेल, तर तिची दिशा काय हे समोरच्याला लगेच कळतं.

कमी पैशात सुरुवात करायची? एनपीटीईएलचे कोर्स शिकायला मोफत आहेत. केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची असेल तरच फी, ती हजार रुपयांच्या आसपास. आयटीआयमधला कोपा ट्रेड एका वर्षाचा आहे आणि त्याचं प्रमाणपत्र राष्ट्रीय पातळीवर मान्य आहे. पंचवीस हजारांच्या खाजगी क्लासआधी या दोन्ही दारांवर थाप मारून बघा.

5. धंदा पाहिजे असेल तर इथली गरज बघा

आता आपल्या जिल्ह्यांकडे बघू. जंगल आहे म्हणून आयटीचं काम नाही, असं समजू नका.

ताडोबाच्या भोवती मोहर्ली, कोलारा या बाजूला रिसॉर्ट आणि होमस्टे आहेत. त्यांना वायफाय, कॅमेरे, ऑनलाइन बुकिंग, गुगल मॅपवर बरोबर जागा, हे सगळं लागतं. माकडांनी वायर तोडली की नागपूरहून माणूस येईपर्यंत पाहुणे वैतागतात. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, वडसा या धानाच्या पट्ट्यात राईस मिल आहेत. त्यांना टॅली, जीएसटी, ई-वे बिल करून देणारा माणूस लागतो. चंद्रपूर, घुग्गुस, बल्लारपूर भागात कोळसा, वीज, सिमेंट, कागद यांच्यावर जगणारे शेकडो छोटे ठेकेदार आहेत. त्यांना हजेरीपट, पीएफ, टेंडरचे कागद ऑनलाइन भरावे लागतात.

गडचिरोलीत तर वेगळीच संधी आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबू वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदू आणि बांबूचा व्यवहार स्वतः करू लागल्या. व्यवहार आला की हिशेब आला. जाहीर सूचना, बँक खातं, मजुरीचं वाटप, ऑडिट. गोंडी किंवा माडिया बोलणारा, हिशेब आणि संगणक दोन्ही जाणणारा गावचाच पोरगा किंवा पोरगी असेल, तर बाहेरच्या माणसाला ते काम तितकं चांगलं जमणारच नाही. इथे तुमची भाषा हीच मोठी पात्रता आहे. तिचं सर्टिफिकेट कोणी देत नाही, पण ग्रामसभेला तिची किंमत कळते.

यातल्या कुठल्या कामाला कोणता कागद लागतो? कॅमेरे-नेटवर्कला बहुतेक वेळा एकही सक्तीचा नाही, पण कौशल्य पक्कं पाहिजे. हिशेबाच्या कामाला टॅलीचं सर्टिफिकेट मदत करतं, तरी खरी परीक्षा पहिल्या जीएसटी रिटर्नला होते. सेवा केंद्राला मात्र पहिल्या ढिगातले कागद लागतातच.

6. हिशेब मांडून बघा

सीसीएनएची परीक्षा फी 300 डॉलर आहे. रुपयात पंचवीस हजारांच्या वर, शिवाय कर. वैधता तीन वर्षं. चंद्रपूरहून नागपूरच्या केंद्रावर जायचं तर दीडशे किलोमीटर जाणं-येणं वेगळं. घरून ऑनलाइन परीक्षा देता येते, पण मध्येच लाईट गेली किंवा नेट तुटलं तर पंचाईत. सिरोंच्याच्या माणसाने हे आधीच लक्षात घ्यावं.

आता समजा तेवढेच, म्हणजे तीस हजार रुपये तुमच्याकडे आहेत. हे फक्त उदाहरण आहे, आकडे तुमचे टाका.

वाट अ: परीक्षा फी आणि अभ्यास. फायदा कधी? बाहेरगावी नोकरी शोधायची तयारी असेल तेव्हाच.

वाट ब: क्रिम्पिंग टूल, केबल टेस्टर, ड्रिल मशीन, शिडी, एक जुना राउटर सरावाला, आणि उरलेले पैसे पहिल्या कामाच्या मालासाठी. एका कामात मजुरीचे दोन हजार सुटले, तर पंधरा कामांत पैसे वसूल.

माझं मत विचाराल तर, इथेच राहायचं असेल तर वाट ब आधी. वर्षभरात एखाद्या कारखान्याचं किंवा शाळेचं मोठं काम मिळायची वेळ आली आणि समोरचा "पात्रता काय?" विचारू लागला, की वाट अ. तेव्हा परीक्षेची फी धंद्याच्या कमाईतून जाईल, बापाच्या धानातून नाही.

7. पैसे भरण्याआधी पाच प्रश्न

1. परीक्षा कोण घेतं? शिकवणारा क्लासच परीक्षा घेत असेल तर सावध.

2. "भारत सरकार नोंदणीकृत" म्हणजे काय? संस्था, कंपनी किंवा उद्यम नोंदणी कोणीही करू शकतो. उद्यम नोंदणी तर मोफत आहे. नोंदणी म्हणजे कोर्सला मान्यता नव्हे.

3. "आयएसओ प्रमाणित" लिहिलंय? ते संस्थेच्या कारभाराच्या पद्धतीबद्दल असतं, तुमच्या कोर्सला त्याने सरकारी मान्यता मिळत नाही.

4. सर्टिफिकेटचा नंबर ऑनलाइन तपासता येतो का? खऱ्या सर्टिफिकेटची खात्री दोन मिनिटांत होते.

5. मागच्या बॅचमधल्या तीन जणांशी बोलता येईल का? "100 टक्के नोकरीची हमी" देणारा क्लास हे फोन नंबर द्यायला टाळाटाळ करत असेल, तर उत्तर तुम्हाला मिळालंच.

फीची पक्की पावती घ्या. मूळ मार्कशीट कोणाकडेही जमा ठेवू नका.

8. गृहपाठ: तीस दिवस

पहिला आठवडा: तुमच्या तालुक्यातल्या दहा व्यावसायिकांना भेटा. विकायला जाऊ नका, विचारायला जा. "कम्प्युटर, नेट, कॅमेरा, बिलिंग, यातलं कोणतं काम अडतं? सध्या कोणाला बोलावता? किती पैसे देता?" उत्तरं वहीत लिहा.

दुसरा आठवडा: ज्या अडचणीचं नाव सगळ्यात जास्त वेळा आलं, ती एकच निवडा. तिच्यावरचा मोफत कोर्स सुरू करा.

तिसरा आठवडा: एक काम ओळखीत, फक्त मालाच्या खर्चात करून द्या. आधीचे-नंतरचे फोटो घ्या, ग्राहकाकडून दोन ओळी लिहून घ्या. हे तुमचं पहिलं सर्टिफिकेट.

चौथा आठवडा: आता ठरवा. या कामाला कायद्याने किंवा नियमाने कोणता कागद लागतो का? लागत असेल तर अर्ज भरा. नसेल तर दुसरा ग्राहक शोधा.

आणि घरी आई-बाबांना हा हिशेब एकदा समजावून सांगा. पैसे त्यांचे असतात, काळजीही त्यांचीच असते. वहीतली दहा जणांची उत्तरं त्यांच्यासमोर ठेवा. कोर्स लावायचा की नाही, हे मग घरचे सगळे मिळून जास्त चांगलं ठरवतील.

पुढच्या भागात सेवा केंद्राचा महिन्याचा खर्च आणि उत्पन्न कसं मांडायचं ते बघू. तोवर वही भरा, कामाला लागा!