लेबल छापण्याचे यंत्र कोणते घ्यावे?

आमसुले, काजूगर किंवा लोणचे भरून विकणारे लहान दुकानदार व बचत गट लेबल छापण्याचे यंत्र घेताना बहुधा प्रथम किंमत विचारतात. वास्तविक, माल विकला जाईपर्यंत लेबल वाचता येईल काय, हे आधी पाहावयास हवे.

उष्णतेवर चालणारी यंत्रे दोन प्रकारची असतात. पहिल्यात कागदावरच उष्णतेने काळा पडणारा लेप असतो; रिबन लागत नाही. वजनाच्या काट्यातून निघणारी चिठ्ठी याच जातीची. खर्च कमी, परंतु ऊन, उष्णता व तेल लागल्यास अक्षरे फिकी पडतात. त्याच दिवशी खपणाऱ्या भाजीस वा मासळीस ती पुरेशी आहे. दुसऱ्या प्रकारात रिबनीवरील शाई उष्णतेने लेबलावर उतरते. साध्या कागदास 'वॅक्स' रिबन चालते. प्लास्टिकच्या लेबलास, त्यातही तेलकट बरणीवर, 'रेझिन' रिबनच टिकते. रिबनीचा खर्च मात्र कायमचा.

वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ अन्वये पाकिटावर नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष व किरकोळ विक्री किंमत सुवाच्य असणे आवश्यक आहे. अक्षरे उडाली, तर माल उत्तम असूनही विक्रेता अडचणीत येतो. म्हणून महिनोन्‌महिने फळीवर राहणाऱ्या मालास दुसरा प्रकारच घ्यावा, असे आमचे मत आहे.

इंचास २०३ ठिपके सामान्य कामास पुरतात. बारकोड फार लहान असल्यास ३०० घ्यावेत. खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून एक लेबल छापून घ्यावे, तेलाचा हात लागलेल्या बरणीस चिकटवावे आणि आठ दिवस उन्हात ठेवून पाहावे.