कोरियन शिकताना मराठीचा आधार

रांजणगाव औद्योगिक वसाहतीत एलजी या कोरियन कंपनीचा कारखाना आहे. तरीही शिरूर-दौंडची मुले म्हणतात, "इंग्रजीच कच्चे, कोरियन कसे जमणार?" चाळिशीनंतर वही उघडताना मीही असाच बिचकलो होतो. पण कोरियन वाक्य मराठीसारखेच चालते : कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद.

'मी भात खातो' म्हणजे 'चोनुन पाबुल मोगोयो'. 'चो' म्हणजे मी, 'पाब' म्हणजे भात. 'उल' हा कर्माचा प्रत्यय, 'मुलाला'मधील 'ला'सारखा. खातो, खाते, खातात या तिन्हींना 'मोगोयो' एकच. मात्र आजोबांविषयी बोलताना आदरार्थी 'तुसेयो' म्हणावे.

रोज पाच वाक्ये लिहा. वय आडवे येत नाही, संकोच येतो. मराठी व्याकरण पक्के असेल तर निम्मी वाट चाललेलीच आहे.