नवरत्नांचा कठीणपणा आणि झिलई

दिवाळी आली की इथल्या घराघरांत बँकेच्या लॉकरमधले दागिने बाहेर निघतात. त्यांत कुठेतरी आजीची नवरत्नांची अंगठी असतेच. गावच्या जेम अँड मिनरल क्लबमध्ये मी हौसेने खडे घासतो. तेथे शिकलेले थोडेसे आपल्यासमोर मांडतो.

कोणता दगड कोणावर ओरखडा काढतो हे पाहून जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोह्स यांनी १८१२ साली कठीणपणाच्या दहा पायऱ्या ठरविल्या. संगजिरे १, गारगोटी ७, हिरा १०. या पायऱ्यांमधली अंतरे मात्र सारखी नाहीत. हिरा माणकाहून एकच पायरी वर, पण कठीण सुमारे चौपट!

आता आपली नवरत्ने पाहू :
हिरा – १०
माणिक, नीलम, पुष्कराज – ९ (पुष्कराज म्हणून टोपाझ बसविला असेल तर ८)
लसण्या – साडेआठ
पाचू – साडेसात ते ८
गोमेद – ७ च्या आसपास
पोवळे – ३ ते ४
मोती – अडीच ते साडेचार

घरातल्या धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात. त्यामुळे कोरड्या रुमालाने पुसले तरी मोती-पोवळ्यांची झिलई हळूहळू उतरते.

झिलई म्हणजे एकाहून एक बारीक ओरखडे. अकीक आम्ही सिलिकॉन कार्बाइडवर १००, २२०, ६००, १२०० या क्रमाने घासतो आणि शेवटी सेरियम ऑक्साइडने चमकवितो. एखादी पायरी गाळली, तर आधीचे ओरखडे चमकल्यावर उठून दिसतात. माणिक-नीलमला हिऱ्याची पूड लागते. म्हणूनच नऊ खड्यांची अंगठी सरसकट एकाच चाकावर धरू देऊ नये. मोती-पोवळे तेव्हाच झिजतील.

कठीण म्हणजे चिवट नव्हे. वर्मी घाव बसला तर हिराही दुभंगतो. पाचूत जन्मजात चिरा असतात आणि त्या बहुधा तेलाने भरलेल्या असतात. इथल्या दुकानांत दागिने अल्ट्रासोनिक यंत्रात धुतात. त्यात पाचू, मोती, पोवळे असलेली अंगठी घालू देऊ नका. ‘नवरत्न आहे’ एवढ्याने दुकानदाराला कळेलच असे नाही. खड्यांची नावे सांगा.

घरी मऊ ओले फडके पुरेसे आहे. व्हिनेगर, लिंबू कटाक्षाने टाळा, कारण मोती-पोवळी मुख्यतः चुन्याच्याच जातीची, आम्लात विरघळतात. अत्तर, हेअर स्प्रे आधी, अंगठी नंतर. ठेवतानाही वेगळ्या मऊ पिशवीत ठेवा.

पुढे ही अंगठी लेकी-सुनांच्या हाती देताना वरचा तक्ताही सोबत द्यावा, ही विनंती.

शुभ दीपावली!