साच्यातल्या साखरेचा शत्रू

मुळगाव, डिचोली (गोवा)
श्रावण

चि. मयुरी,

केकवर लावायची साखरेची फुले, पाने आणि शिंपले तू घरीच साच्यात पाडायला लागलीस, याचा आनंद वाटला. तू दोन प्रश्न विचारले आहेस: रंग कोणता घालावा, आणि पाडलेले नग महिनाभर कसे टिकवावेत? मला हे दोन प्रश्न वेगळे वाटत नाहीत. साच्यातल्या साखरेचा शत्रू ओल आहे. आकार तिनेच बिघडतो आणि रंगही तिनेच पसरतो. म्हणून पाक करताना, रंग घालताना, डबा भरताना दर वेळी एकच विचार कर: साखरेत पाणी किती राहिले आणि बाहेरचे किती शिरणार आहे?

आपल्या मुलखातले सणवारच याची साक्ष देतात. हलवा आणि हलव्याचे दागिने संक्रांतीचे, म्हणजे कोरड्या थंडीतले. साच्यात दोरा ठेवून ओतलेल्या साखरेच्या गाठी पाडव्याच्या. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत बदामाऐवजी काजूचे मार्झिपान करून साच्यातून काढतात ते नाताळात, आणि त्याचीच अंडी ईस्टरला. आपल्या शेजारी शिरगावात लईराई देवीच्या जत्रेला खाज्यांचे ढीग लागतात तेही वैशाखात. पाऊस लागला की पदार्थ बदलतात: नागपंचमीला पातोळ्या, चवथीला नेवऱ्या आणि मोदक. तू म्हणशील, माव्याचे मोदक चवथीतही साच्यातूनच निघतात. खरे आहे, पण ते दोन दिवसांत संपवायचे असतात, महिनाभर ठेवायचे नसतात. साखरेचा आकार उघड्यावर टिकवायचा असेल तर कोरडी हवा हवी, हे या क्रमावरून स्पष्ट दिसते. तुला मात्र वाढदिवसाचे केक जुलैतही करायचे आहेत. मग ऋतूने जे काम केले असते ते तुला पाकाने आणि डब्याने करून घ्यावे लागेल.

आधी पाक. शुद्ध साखरेचा दाणा हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास जाईपर्यंत फारशी ओल घेत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा कित्येक दिवस त्या रेषेवर किंवा तिच्याही वर असते, पण निदान ही रेषा बरीच उंच आहे. याउलट 150 अंशांपर्यंत आटवून पारदर्शक ओतलेल्या साखरेत दाणा बनलेलाच नसतो, आणि ती याहून पुष्कळ कमी आर्द्रतेत सादळून चिकट होते. पाक साखरू नये म्हणून आपण लिंबू पिळतो. आंबटपणा आणि उष्णता मिळून साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग करतात, आणि त्यातले फ्रुक्टोज साठेक टक्के आर्द्रतेपासूनच पाणी ओढू लागते. म्हणजे साच्यात सुबक दिसावे म्हणून घातलेले लिंबू डब्यात गेल्यावर घात करते. तू पाहतेस त्या व्हिडिओंतले चकचकीत पारदर्शक नग बहुधा कोरड्या किंवा वातानुकूलित खोलीतले असतात. आपल्या स्वयंपाकघरात गाठीची रीत अधिक शहाणी ठरते: पाक गोळीबंद झाला, म्हणजे 115 अंशांच्या थोडा पुढे गेला, की उतरवून घोटायचा, गढूळ दिसू लागला की लगेच साच्यात ओतायचा. नग पांढरट, अपारदर्शक आणि दाणेदार होईल. त्याला काचेची चमक नसेल, पण तो टिकेल.

आता रंग. आपल्या देशात खाद्यपदार्थांत आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे: लाल छटांसाठी पॉन्सो 4 आर, कार्मोइसिन आणि एरिथ्रोसिन, पिवळ्या-केशरीसाठी टार्ट्राझिन आणि सनसेट यलो, निळ्यासाठी इंडिगो कार्माइन आणि ब्रिलियंट ब्ल्यू, हिरव्यासाठी फास्ट ग्रीन. मर्यादा साधारणपणे तयार पदार्थाच्या किलोमागे 100 मिलिग्रॅम. घरच्या काट्यावर इतके थोडे मोजता येत नाही आणि चिमूट हे काही माप नव्हे. म्हणून 1 ग्रॅम पूड उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून ते द्रावण 100 मिलिलिटर कर. त्याच्या 10 मिलिलिटरांत 100 मिलिग्रॅम पूड येते. ही झाली किलोची कमाल मर्यादा. पाव किलो साखरेला अडीच मिलिलिटर हे त्याचे वरचे टोक, आणि निम्म्यातही रंग छान दिसतो. हे द्रावण पाक आटत असतानाच घाल, म्हणजे त्यातले पाणी उडून जाईल. ओतलेल्या नगावर पाण्यातल्या रंगाने ब्रश फिरवलास तर तू स्वतःच त्याला ओल पाजतेस. तो डाग पसरेल आणि नग तिथेच चिकटेल. वरून रंगवायचेच असेल तर कोरडी पूड मऊ ब्रशने लाव, आणि तीही त्याच मर्यादेत धर.

गिऱ्हाइकांना भडक रंग लागतो, फोटोत तोच उठून दिसतो, असे तू म्हणशील. या मागणीची किंमत काय होते ते 2024 साली दिसले. ऱ्होडामिन-बी हा कापडाचा रंग सापडल्यावर तामिळनाडूने साखरेच्या कापसावर बंदी घातली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला आपल्या म्हापशाच्या नगरपालिकेने गोबी मंचुरियनच्या गाड्यांविरुद्ध ठराव केला, त्यातही रंगाची तक्रार होती. सुटा, नाव नसलेला रंग घरात आणूच नको. परवानगी असलेला रंग असला की मग हवा तेवढा घालावा, हेही खरे नाही. 2007 साली साउथहॅम्प्टन विद्यापीठाने मुलांवर केलेल्या अभ्यासात काही कृत्रिम रंगांच्या मिश्रणांचा आणि अतिचंचलतेचा संबंध आढळला. त्यानंतर 2010 पासून युरोपात असे सहा रंग घातलेल्या पदार्थांच्या वेष्टनावर इशारा छापावा लागतो, आणि त्या सहांपैकी चार आपल्या परवानगीच्या यादीत आहेत. पुरावा अंतिम नाही हे मान्य. पण केकवरचे फूल सगळ्यांत आधी मूलच उचलते, म्हणून शंकेचा फायदा मुलाला द्यावा. मग सगळे नैसर्गिकच घालू का, असा दुसरा आक्षेप येईल. तिथेही भाबडेपणा नको. बीटाचा रंग उकळीत मरतो, हळद उजेडात फिकी पडते, गोकर्णीचा निळा लिंबाच्या थेंबाने जांभळा होतो. हे रंग पाकात घालू नयेत. गार मार्झिपानमध्ये कोरड्या पुडीने मळावेत आणि ते नग आठवड्यात वापरावेत. बीटाची पूड स्वतःही ओल धरते.

चॉकलेटच्या नगांना हाच नियम अधिक कडक लागतो. पाण्यातल्या रंगाचे चार थेंब पडले तरी वितळलेले चॉकलेट घट्ट गोळा होते. त्याला तेलात विरघळणारा रंगच लागतो. आणि कोकोचे लोणी 34 अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे आपला एप्रिलचा दुपारचा पाराच त्याला पुरे.

साठवणीबद्दल सर्वांत मोठा गैरसमज फ्रिजचा आहे. थंडीत सगळे टिकते ही समजूत साखरेला लागू नाही. भर पावसाळ्यात 24 अंशांपेक्षा गार वस्तू उघड्यावर आणली की तिच्यावर दव धरते, आणि फ्रिजमधला नग तर त्याहून कितीतरी गार असतो. त्यामुळे साखरेचे नग फ्रिजमध्ये ठेवूच नकोस. साच्यातून काढल्यावर ते कोरड्या जागी पुरते वाळू दे. मग घट्ट झाकणाच्या डब्यात बटर पेपरचे थर देऊन, एका थरात एकच रंग, असे भर; तळाशी सिलिका जेलची पुडी ठेव, आणि डबा अंधाऱ्या कपाटात ठेव, कारण उजेडाने एरिथ्रोसिनसारखे रंग उडतात. एक मोठा डबा रोज उघडण्यापेक्षा चार छोटे डबे भर. दर उघडण्याला ओली हवा आत जाते. काजूचे मार्झिपान आणि चॉकलेट यांना गारवा लागतोच, पण डबा बाहेर काढल्यावर खोलीइतका कोमट होईपर्यंत झाकण उघडू नको; दव डब्यावर धरू दे, नगावर नाही. आणि साखरेचे फूल ओल्या क्रीमवर रात्रभर बसवून ठेवू नको. ते वेगळ्या डबीत दे आणि केक कापायच्या आधी लावायला सांग.

एवढा खटाटोप कशाला, तयार नग बाजारात मिळतात, असे कोणी म्हणेल. घरी करण्याचा खरा लाभ हाच, की त्यात काय घातले आणि किती घातले ते तुला ठाऊक असते. ते ठाऊक नसेल तर घरी करण्यात काही राम नाही. म्हणून प्रत्येक डब्यावर तारीख, रंगाचे नाव आणि प्रमाण लिही, आणि गिऱ्हाइकाने विचारण्याआधीच सांग. रंग थोडा फिका चालेल. प्रमाणाचा हिशेब मात्र चुकू देऊ नको.

तुझी,
मावशी